कच्च्या वहीतली भागिरथी

डॉ. बारलिंगे यांचं पत्र दीड वर्ष माझ्या शब्दकोशात पडून होतं. अगदी शेवटी, ‘क्ष’च्या पानांत. तिथवर वाचनालयात कुणी जात नाही. पत्र १९७३ सालच्या मे महिन्यातलं, टंकलिखित, खाली हिरव्या शाईची सही. मी ते इतक्या वेळा उघडलं होतं की घडीवर कागद विरत चालला होता. उत्तर मात्र लिहिलं नाही.

लिहायला बसत नव्हतो असं नाही. ‘आपले पत्र पोचले’ इथवर यायचो. पुढे वाटायचं, मी कोण? वाशीमच्या वाचनालयात पुस्तकं देणारा-घेणारा माणूस. मॅट्रिकच्या पुढे शिकलो नाही. आमच्या किराणा दुकानात माझा काही उपयोग होईना, गिऱ्हाईक समोर आलं की माझी जीभ टाळूला चिकटायची, म्हणून थोरल्या भावानं, चांदमलनं, मला वाचनालयात लावून दिलं. आता चौसष्टाव्या वर्षी एका डॉक्टरला ‘तुमचं चुकतं आहे’ असं कळवणारा मी कोण?

पत्रात दोन मागण्या होत्या. पहिली, नोंदवहीत तेरा फेब्रुवारीला मी जे लिहिलं ते केवळ ऐकीव होतं, असं लिहून द्यावं. दुसरी, अनुक्रमांक एकेचाळीस हे मूल सहाव्या आठवड्यात गाव सोडून गेल्यामुळे अभ्यासातून वगळलं, या मजकुराखाली सही करावी.

अनुक्रमांक एकेचाळीस म्हणजे भागिरथी. तुळसाबाईची भागी. ती गाव सोडून कुठेही गेली नव्हती. तिला नाल्याच्या काठी पुरलं तेव्हा मी तिथे उभा होतो.

ते काम माझ्याकडे आलं माझ्या अक्षरामुळे. डॉक्टर मोठ्या शहरातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात कातडीच्या रोगांवर संशोधन करत. ते साल पाण्याच्या टंचाईचं होतं. नाल्यापलीकडच्या मळ्यांतल्या विहिरी तळाला गेल्या होत्या. वांगी-मेथीला पाणी पुरेना, तिथे पोरांच्या आंघोळीला कुठून येणार? वस्तीभर खरूज पसरली. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, काखेत. पोरं रात्रंदिवस खाजवायची आणि खाजवून खाजवून फोड पिकायचे. डॉक्टरांनी नवं मलम तयार केलं होतं. ते तपासायला त्यांना अशीच वस्ती हवी होती, आणि घरोघर जाऊन नोंदी ठेवणारा एक माणूस.

“तुमच्यासारखा माणूस शोधून सापडत नाही,” माझं अक्षर पाहून ते म्हणाले. मला असं कुणी कधी म्हणालं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मी हुरळलो.

बासष्ट मुलं होती. प्रत्येकाला एक पत्र्याचा डबा. निम्म्या डब्यांच्या झाकणावर लाल ठिपका, निम्म्यांवर निळा. एकात औषध, दुसऱ्यात औषध नसलेलं नुसतं मलम. कशात काय, ते ना मला ठाऊक ना आयांना. बारा आठवडे रोज रात्री लावायचं. डबा बदलायचा नाही, दुसऱ्याला द्यायचा नाही, दुसरं कोणतंही औषध लावायचं नाही. हा नियम मी मोठ्या अक्षरांत लिहून बासष्ट घरांत भिंतींना चिकटवला. वाचता येणारी घरं चार होती, पण मी चिकटवला.

एक सवय मात्र घराण्यातली होती. आमच्या दुकानात कच्ची वही आणि पक्की वही वेगळी. दिवसा जे घडेल ते कच्च्यात, संध्याकाळी नीट करून पक्क्यात. मी नोंदीही तशाच ठेवल्या. कच्ची माझ्या पिशवीत, पक्की डॉक्टरांसाठी. कच्च्यात दर आठवड्याला आईचा अंगठाही घ्यायचो. डॉक्टरांनी तसं सांगितलं नव्हतं. माझाच माझ्या नोंदींवर विश्वास नव्हता, एवढंच.

पाचव्या आठवड्यात मी वस्तीत गेलो तर विहिरीवर बाया जमलेल्या. मधोमध पितळी परात, आणि गिरजाबाई बाह्या वर करून त्यात दोन्ही हातांनी काहीतरी कालवत होती. गिरजाबाई म्हणजे वस्तीचं तोंड. बाजारात तिच्या टोपलीशी घासाघीस करायला तालेवार माणसंही कचरायची.

“या सेठजी, या. पापडाचं पीठ मळून राह्यली मी.”

परातीत मलम होतं. सगळ्या डब्यांतलं.

“हे काय केलंत बाई!”

“कायले घाबरता? लाल ठिपक्यानं खाज जाते. निळ्यानं नुसतं आंग चोपडं होते. हे आमाले आठ दिसांत समजलं. तुमच्या डाक्टरले बारा हप्ते काहून लागतात? लई शिकला म्हून?”

बाया खदखदून हसल्या. एक म्हणाली, “त्याची पोट्टी खाजवत असती तर त्याले बी आठ दिसांत समजलं असतं.”

“पण नियम—”

“तुमचा नियम भिताडावर हाये, सेठजी. पोट्टं आमच्या कडेवर हाये.”

तिनं परातीतलं मलम सारखं वाटून पुन्हा डब्यांत भरलं. लाल काय, निळं काय, सगळं एक. मी शेजारच्या दगडावर बसून कच्च्या वहीत लिहिलं: ‘दि. १३ फेब्रुवारी. वस्तीतील एकसष्ट डबे एकत्र कालवून परत भरले.’ बायांनी खुशीनं अंगठे दिले. गिरजाबाईनं तर दोन दिले.

एकसष्ट. बासष्टावा डबा तुळसाबाईचा.

तिचं खोपट नाल्याच्या पार टोकाला, दुसऱ्याच्या मळ्यात. नवरा नव्हता. भागी पाच वर्षांची, एकुलती एक. मी गेलो की ती माझा चष्मा मागायची, आणि तो लावून आईकडे बघत म्हणायची, “आई, तू लई मोठी झाली गं.” मी तिचे फोड मोजायला हात धरला की माझ्या मनगटावर बोटभर मलम फासायची. “तुमाले बी होईन मंग.” तिच्या डब्यावर निळा ठिपका होता.

त्या दिवशी तुळसाबाई माझीच वाट पाहत उभी होती. हातात डबा.

“सेठजी, बाया कालवून राह्यल्या. मी बी जाऊ का? भागीचे फोड कमी नाई होऊन राह्यले. काल रातभर झोपली नाई.”

मी काय म्हणालो ते माझ्या चांगलं लक्षात आहे. म्हणालो, “बाई, तुम्ही तरी नियम मोडू नका. यामागे शास्त्र असतं.”

“तुमी शिकले-सवरले मानसं,” ती म्हणाली. “तुमी म्हनता तं नाई कालवत.”

साऱ्या वस्तीत माझं ऐकणारी ती एकटी.

दहाव्या दिवशी सकाळी भागीचं तोंड सुजलेलं दिसलं. पापण्या उघडेनात. तुळसाबाई म्हणाली, लघवी काळ्या चहासारखी होते आहे. आम्ही बैलबंडीतून तिला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पाहताक्षणी ओळखलं. पिकलेल्या फोडांचं विष मूत्रपिंडांत गेलं होतं. खरजेचे फोड वेळेवर सुकले नाहीत तर लहान मुलांत असं होतं, ते म्हणाले. बरीचशी बरी होतात. हिला आजच्या आज अकोल्याला न्या. आम्ही एस.टी. स्टँडवर अकोल्याच्या गाडीची वाट पाहत असताना तिला झटके आले. गाडी लागली तेव्हा तिची गरज उरली नव्हती.

कच्च्या वहीत मी लिहिलं: ‘अनुक्र. ४१. भागिरथी. मृत्यू. डबा निळा, न मिसळलेला. आईने नियम पाळला.’ त्याखाली तुळसाबाईचा अंगठा. तेरा फेब्रुवारीची नोंद पक्क्या वहीत होतीच; हेही शब्द तिथे उतरवून मी वही डॉक्टरांच्या हाती दिली. त्यांनी ते पान बराच वेळ पाहिलं. त्यांचाही चेहरा उतरला होता, हे मी कबूल करतो. मग मे महिन्यात ते पत्र आलं.

मी सही केली नाही आणि नकारही कळवला नाही. गप्प राहिलो. गप्प राहणं मला सोपं जातं.

त्याच वर्षी भादव्यात माझ्या हातून आणखी एक चूक झाली.

आम्ही दिगंबर जैन. दशलक्षण पर्व संपलं की क्षमावाणी येते. वर्षभरात जाणता-अजाणता कुणाचं मन दुखावलं असेल तर हात जोडून क्षमा मागायची. गावातल्यांना भेटून, परगावच्यांना छापील कार्ड पाठवून. आमच्या घरची दोनशे कार्डं दरवर्षी मीच लिहितो, अक्षरामुळे. भाभी, म्हणजे चांदमलच्या अंगुरीबाई, नावं सांगतात आणि मी पत्ते घालतो. भाऊ गेल्यावरही त्यांनी यादी कमी केली नाही, उलट वाढवली.

“वो डाक्टर बारलिंगे,” भाभी म्हणाल्या. “उनका पता डालो. तीन महिने घरी येत होते, माझ्या हातची पुरी खाऊन गेले.”

मी पत्ता घातला. खाली सही केली: सुगनचंद. दोनशेतलं एक कार्ड. हात आपोआप चालत होता. पुढच्या वर्षी, चौऱ्याहत्तरच्या भादव्यात, पुन्हा.

दिवाळीनंतर डॉक्टर स्वतः आले. वाचनालयासमोर जीप थांबली. ते आत आले, माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि माझा हात हातात घेतला.

“सुगनचंदजी, तुमचं मन मोठं आहे. दोन्ही वर्षांची क्षमापत्रं मिळाली. मला शब्दांत काही नको होतं, मी समजलो.”

“काय समजलात?” मी विचारलं.

“हेच की नोंदवहीबद्दल तुम्हाला वाईट वाटलं. सहीनिशी लिहिलं आहेत की, जाणता-अजाणता झालेल्या चुकीबद्दल क्षमा असावी म्हणून. ते कार्ड मी अहवालाला जोडलं. नोंदी ठेवणाऱ्यानं नंतर खेद व्यक्त केला आहे, एवढं पुरेसं झालं. एकेचाळीस क्रमांकाचाही प्रश्न मिटला. ते मूल अभ्यासातून गेलेलं म्हणून दाखवलं आहे.”

ते दोनशे लोकांना जाणारं छापील कार्ड होतं, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं.

“तुम्हाला वाटत असेल मी निर्दय आहे,” ते म्हणाले, आता जरा हळू. “पण मलम चांगलं आहे. तुम्ही स्वतः पाहिलंत. उद्या हजारो पोरांना मिळेल. एका ओळीपायी सगळं अडून बसलं असतं.”

“मग आता वाटायला सुरुवात करणार?”

“अजून एक मोठी चाचणी हवी. बासष्ट मुलं कमी पडतात. पुढच्या महिन्यात मेडशीला. दोनशे मुलं. सगळं तसंच, बारा आठवडे, लाल-निळे डबे. नोंदी तुम्हीच ठेवायच्या. तुमच्यासारखा माणूस शोधून सापडत नाही.”

दोनशेतले शंभर निळे. मी मनातल्या मनात तो आकडा लिहून पाहिला. अनुक्रमांक एक ते दोनशे. मग म्हणालो, “विचार करून कळवतो.” एवढंच. जीप गेल्यावर मी शब्दकोश उघडला. पत्र त्याच पानात होतं.

दुसऱ्या दिवशी नाला ओलांडून तुळसाबाईकडे गेलो. ती मेथीच्या जुड्या बांधत होती. मी चपला काढल्या आणि हात जोडले. दोन वर्षं मी गावोगावी क्षमापत्रं धाडत होतो. तिला एकही दिलं नव्हतं. तिला वाचता येत नाही म्हणून, असं मी स्वतःला सांगत असे.

“तुळसाबाई, माझी चूक झाली. मी तुम्हाला कालवू दिलं नाही. मला क्षमा करा.”

तिनं जुडी बांधली, गाठ मारली, टोपलीत ठेवली.

“मी इचारलं होतं तुमाले,” ती म्हणाली.

“हो.”

“तुमी नोको म्हनलं.”

“हो.”

“मंग क्षमा मी कशी देऊ? ती काय मेथीची जुडी हाये?” तिनं पहिल्यांदा वर पाहिलं. “माह्या भागीचं नाव त्या वहीत हाये का नाई, ते सांगा.”

मी सगळं सांगितलं. कागदोपत्री भागी गाव सोडून गेली आहे, माझ्या कार्डामुळे ते पक्कं झालं आहे, आणि मेडशीत पुन्हा तसेच डबे येणार आहेत. तुळसाबाई ऐकत राहिली. मग उठून तिनं हाक मारली, नाल्याच्या या टोकाहून त्या टोकापर्यंत जाईल अशी.

“गिरजाबाय! ओ गिरजाबाय! इकडं या जरा!”

अर्ध्या तासात खोपटासमोर वीस-पंचवीस बाया जमल्या. मी पिशवीतून कच्ची वही काढली आणि तेरा फेब्रुवारीचं पान वाचून दाखवलं.

“ऐकीव म्हनते का मुडदा!” गिरजाबाई कडाडली. “कोनाचं ऐकलं? परात माह्यी, हात माह्ये. लिहा सेठजी, नावानिशी लिहा. गिरजाबाईनं कालवलं म्हना. पुन्हा कालवीन म्हना.”

“तुमच्यावर येईल ते,” मी म्हणालो. “नियम तुम्ही मोडला असं म्हणतील.”

“म्हनू द्या. मोडला म्हून माह्ये तिन्ही पोट्टे जित्ते हायेत. जिनं पाळला तिची गेली. मंग चोर कोन झालं?”

कुणी हसलं नाही.

“मेडशीले माह्यी नणद देल्ली हाये,” ती पुढे म्हणाली. “मी आजच सांगावा धाडतो. निळा ठिपका दिसला का परातीत टाक म्हनतो. पन तुमी बी लिहा. आमचं बोलनं परातीत राह्यते, सेठजी. तुमचं कागदावर राह्यते.”

“माझ्याच्यानं होईल का, कोण जाणे,” मी म्हणालो. सवयीनं तोंडून गेलं.

तुळसाबाई माझ्याकडे बघत होती. “नियम लिवताना झालं तं होतं,” ती म्हणाली. “मोठ्या अक्षरात.”

तेरा फेब्रुवारीच्या आणि भागीच्या पानांची नक्कल तिथेच उतरवून, तुळसाबाईसह साऱ्या बायांचे पुन्हा अंगठे घेतले, आणि घरी येऊन मी लिहायला बसलो. भाभी दोनदा जेवायला बोलवून गेल्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मी त्यांना विचारलं, “भाभी, क्षमा मागितली म्हणजे चूक मान्य केली, असं होतं का?”

“आपली चूक मान्य केली. दुसऱ्याची कैसी?” त्या म्हणाल्या. “देवरजी, खिचडी ठंडी हो रही है.”

त्या उत्तरानंतर पेन थांबलं नाही. ‘आपले पत्र पोचले’ हे वाक्य मी लिहिलंच नाही. असं लिहिलं:

‘डॉ. बारलिंगे यांस, आपल्या मे १९७३ च्या पत्राचे हे उत्तर.

मी नोंदवहीत लिहिलेली एकही ओळ मागे घेत नाही. तेरा फेब्रुवारीला एकसष्ट डबे मिसळले गेले. मी ते डोळ्यांनी पाहिले. त्या पानाची आणि अनुक्रमांक एकेचाळीसच्या पानाची नक्कल, त्याच बायांचे आज पुन्हा अंगठे घेऊन, सोबत जोडली आहे. अनुक्रमांक एकेचाळीस, भागिरथी, वय वर्षे पाच, गाव सोडून गेली नाही. आपला नियम पाळून, आपल्या निळ्या डब्यातले मलम लावून, ती वारली. तिच्या आईने मला विचारले होते आणि मी तिला नियम पाळायला सांगितले. हा दोष माझा आहे. तोही नोंदवावा.

आपल्याला आलेली दोन कार्डे आमच्या घरून दरवर्षी दोनशे लोकांना जातात. त्यांचा आपल्या नोंदवहीशी संबंध नाही. ती अहवालातून काढून टाकावीत आणि त्या जागी हे पत्र लावावे.

आपले मलम चांगले आहे. ते चांगले आहे हे वस्तीतल्या बायांना आठ दिवसांत कळले. ते सांगण्यासाठी मेलेल्या मुलीला गावाबाहेर पाठवण्याची गरज नव्हती. मेडशीत निळे डबे उघडू नयेत. ज्याला खरूज आहे त्या प्रत्येक मुलाला औषध द्यावे. मग नोंदी ठेवायला मी येईन, विनामोबदला. तसे होणार नसेल तर मी मेडशीत येईनच, पण घरोघर जाऊन हे पत्र वाचून दाखवायला.

सुगनचंद’

शेवटचं वाक्य लिहून मी घाबरलो. घरोघर जाऊन वाचून दाखवणं? मी? खोडावं म्हणून पेन उचललं. मग सोबतच्या नकलेवरचा तुळसाबाईचा ताजा अंगठा दिसला. वाक्य तसंच राहू दिलं.

पत्राच्या तीन प्रती केल्या. एक डॉक्टरांना, एक त्यांच्या महाविद्यालयाच्या प्रमुखांना, एक मेडशीच्या सरपंचाला. सकाळी पोस्टात गेलो. खिडकीवर फुलचंद होता, आमच्याच समाजातला, माझी दोनशे कार्डं दरवर्षी त्याच्याच हातून जातात.

“काय काका, भादवा तर कधीच गेला. आता कुणाला क्षमा मागता?”

“मागत नाही,” मी म्हणालो. “रजिस्टर कर. तिन्ही. पोचपावतीसह.”

त्यानं माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. मी इतक्या मोठ्यानं बोललो होतो की मागच्या रांगेतले लोकही पाहायला लागले. त्यानं तिकिटं लावली, नंबर टाकले, आणि एकेका पाकिटावर शिक्का आपटला. पावत्या माझ्यापुढे सरकवून तो म्हणाला, “झालं काका, जा आता.”

मी गेलो नाही. तिन्ही पाकिटं मागच्या कॅनव्हासच्या पोत्यात पडेपर्यंत, आणि त्या पोत्याचं तोंड दोरीनं आवळलं जाईपर्यंत, मी खिडकीशी उभा होतो.